तटाबाहेरचे नगर

मंगोलियातल्या ओरखोन नदीच्या खोऱ्यात काराकोरमचे अवशेष आहेत. चंगेजखानाचा मुलगा ओगदेई याने १२३५ मध्ये तिथे तट घातला, राजवाडा बांधवला, आणि पुढची दोन-अडीच दशके एका अफाट साम्राज्याचा कारभार त्या जागेच्या नावाने चालला. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सर्गेई किसेल्योफ यांनी तिथे उत्खनन केले. खांबांच्या प्रचंड दगडी बैठका आणि हिरव्या झिलईच्या फरश्या निघाल्या, आणि ओगदेईचा राजवाडा सापडला असे त्यांनी जाहीर केले. त्याच जागी बौद्ध भित्तिचित्रांचे तुकडेही निघाले होते. राजवाड्याच्या आधी तिथे एखादे देऊळ असावे, असे म्हणून ते तुकडे बाजूला ठेवले गेले. जवळजवळ पन्नास वर्षांनी मंगोल-जर्मन पथक त्याच चौथऱ्यावर पुन्हा उतरले. बुद्धमूर्तींचे मातीचे तुकडे इतके निघू लागले की जुने मत टिकेना. तो राजवाडा नव्हताच. मोंगकेखानाच्या कारकिर्दीत, १२५६ मध्ये, पूर्ण झालेले ते बौद्ध मंदिर होते. खरा राजवाडा शेजारच्या एर्देने झू मठाच्या आवाराखाली असावा, असे आता मानले जाते.

अशा चुका शास्त्रात होतातच, आणि त्या दुरुस्त होतात हे शास्त्राचे मोठेपण. पण ही चूक ज्या समजुतीतून झाली ती समजूत किसेल्योफ यांची एकट्याची नव्हती. राजाच्या नगरातली सर्वांत मोठी पक्की इमारत राजाचीच असणार, असे आपण सगळेच धरून चालतो. जे पक्के ते महत्त्वाचे, जे हलते ते तात्पुरते. मोंगकेखान मात्र बहुतेक वर्ष तंबूतच असे. १२५४ मध्ये त्याच्या दरबारी गेलेला फ्रान्सिस्कन साधू, रुब्रुकचा विल्यम, लिहितो की खान काराकोरमला वर्षातून दोनदा मोठ्या मेजवान्यांसाठी येत असे, एकदा वसंतात आणि एकदा उन्हाळ्यात. बाकीचे दिवस त्याचा तळ ऋतूप्रमाणे फिरत राही. म्हणजे राजधानीत कायम मुक्काम राजाचा नव्हता. तिथे होते कारागीर, व्यापारी, कारकून आणि देव. विल्यमने बारा मूर्तिपूजक देवळे, दोन मशिदी आणि एक चर्च मोजले आहे. गावाच्या चार वेशींवर चार बाजार भरत आणि धान्य, शेळ्यामेंढ्या, बैल-गाड्या, घोडे अशी त्यांची वाटणी होती. एवढे सांगून हा साधू नाक मुरडतो आणि पॅरिसजवळचे सां दनी हे गाव यापेक्षा बरे म्हणतो.

मात्र हाच विल्यम खानांच्या फिरत्या तळाचे वर्णन करू लागला की त्याचा सूर बदलतो. एकेका घराच्या गाड्याला बावीस बैल जुंपलेले, गाड्याचा आस गलबताच्या डोलकाठीएवढा. बातूखानाचा तळ लांबून पाहताना त्याला एखादे मोठे शहर पसरल्यासारखे वाटले. तळ पडला की खानाच्या तंबूच्या कोणत्या अंगाला आपले बिऱ्हाड उतरवायचे हे ज्याला त्याला ठाऊक असे. दाराच्या समोर, दक्षिणेला, कोणी उतरत नसे. आळ्या, दिशा, मान, अंतर, नगररचनेत जे असते ते सगळे इथे होते. पाया तेवढा नव्हता. २०२१ मध्ये काराकोरमच्या सुमारे ४६५ हेक्टर जमिनीचे चुंबकीय मापन प्रसिद्ध झाले. वस्ती तटाच्या कितीतरी बाहेर, रस्त्यांच्या कडेकडेने गेलेली होती, असे त्यातून दिसले. तटाच्या आतला भाग म्हणजे नगर हे मोजमापच चुकीचे होते. हे नगर एका वाटेवरचे ठिकाण होते आणि वाट धरूनच वाढले होते.

या साऱ्याशी बेळगाव-निपाणीच्या वाचकाचा काय संबंध? संबंध असा की काराकोरमच्या मातीने जो प्रश्न उभा केला तोच आपल्या भागात धर्माचा प्रश्न म्हणून आठशे वर्षे घोळतो आहे. स्थावर श्रेष्ठ की जंगम? काराकोरमचा तट उभा राहण्याच्या सत्तरएक वर्षे आधी कल्याणमध्ये बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी हा भेद धर्मविचाराच्या मध्यभागी आणला. दगडी देऊळ बांधणे ही श्रीमंताची भक्ती. ज्याच्याजवळ काही नाही त्याने आपला देहच देऊळ करावा. उभे केलेले पडते, चालते ते टिकते. शरणांची ही भूमिका सीमाभागात कन्नड घरांइतकीच मराठी लिंगायत घरांतही परिचयाची आहे. तिचा नेहमीचा अर्थ असा लावला जातो की स्थावर ही खालची पायरी आणि जंगम ही वरची. पुरातत्त्वाचा नेहमीचा कल नेमका याच्या उलट. जे उरले तेच खरे. मला हे दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. माझे म्हणणे असे, की जागेला पावित्र्य आणि वस्तीला गावपण येते ते ठरल्या वेळी परत येण्याने. देवळाचा दगड त्या परत येण्याची खूण असतो आणि चालणारा माणूस त्याचा वाहक. परतीचा क्रम तुटला की दगड नुसता दगड उरतो. आणि परतीचे ठिकाण हरवले की चालणे ही नुसती भटकंती होते.

पुरावा शोधायला लांब जायला नको. खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. तिथे एकोणिसाव्या शतकात ताम्रपट सापडले आणि त्यांचे वाचन फ्लीट यांनी केले. एका ताम्रपटात मृगेशवर्मा राजा वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधतो आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक अशा तीन संघांना दान देतो. त्याचा मुलगा रविवर्मा याच्या काळातला दुसरा ताम्रपट माझ्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे. त्यात एका गावाचे उत्पन्न लावून दिले आहे, आणि ते कशासाठी हे सांगितले आहे: दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा, आणि पावसाळ्याचे चार महिने यतींचा निर्वाह चालावा. पाचव्या-सहाव्या शतकातला हा लेख. जैन साधूने एका ठिकाणी मुळावू नये, फक्त पावसाळ्यात, जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून, एका जागी थांबावे, असा नियम. आठ महिने चाल, चार महिने मुक्काम. राजाने जे दान दिले ते या वर्षाच्या चाकाला दिले. जिनालय हे त्या चाकाच्या आसासारखे, जागचे न हलणारे. पण आस चाकासाठी असतो. हा क्रम अजून मोडलेला नाही. निपाणी तालुक्यातल्या भोजचे सातगौडा पाटील पुढे आचार्य शांतिसागर झाले. १८७२ ते १९५५ हा त्यांचा काळ. त्यांनी दक्षिणेतून पायी निघून थेट सम्मेदशिखर आणि दिल्लीपर्यंत विहार केला, आणि दिगंबर मुनींची खंडित होत आलेली चाल पुन्हा रूढ केली. आज चिकोडी, रायबाग, बेळगाव या पट्ट्यात चातुर्मास कोणत्या गावी ठरला याची जी चर्चा चालते, तिच्या मागे रविवर्म्याच्या ताम्रपटाएवढा जुना रिवाज उभा आहे.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी हे दुसरे उदाहरण. छताला लोंबणाऱ्या दगडी कमळामुळे तिचे नाव सर्वांना ठाऊक. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ च्या सुमारास उभारली. त्या वेळचे दोन शिलालेख आहेत. ते वाचले की बसदी चालायची कशावर हे कळते. वेणुग्रामात, म्हणजे बेळगावात, जमलेल्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावरची पट्टी तिला लावून दिली होती. त्यांत कुंडी तीन हजार प्रांतातले स्थानिक लोक होते, तसेच गुजरातेकडचे लाट आणि मलयाळ देशातले व्यापारीही होते. हे सगळे जैन असतील असे धरायला आधार नाही. ते येणारे-जाणारे लोक होते. बाजाराला येत, पट्टी भरत, पुढे जात. दगडी कमळ जंगम लोकांच्या पैशावर उभे होते. रट्टही एका जागी राहिले नाहीत. त्यांची राजधानी आधी सौंदत्तीला होती, मग वेणुग्रामाला आली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातच यादवांनी त्यांचे राज्य संपवले. बाजार मात्र राहिला. गंमत म्हणजे ते दोन शिलालेख आज बेळगावात नाहीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. स्थावर म्हणून जे कोरले ते समुद्रापार गेले.

आता जंगमाची बाजू पाहू. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून दरवर्षी दोन घोडे पायी आळंदीला निघतात. ते माउलींचे अश्व. त्यांतल्या एकावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण तिथे ज्ञानेश्वर माउली आहेत अशी श्रद्धा. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळा आजच्या रूपाला आणला तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू पुरवला, आणि तो मान त्यांच्याकडे चालत आला. पालखीचा तळ पडतो तेव्हा पादुका तंबूत असतात. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक बांधलेले असतात. आपली जागा कोणती हे दिंडीला विचारावे लागत नाही. रुब्रुकच्या विल्यमने बातूखानाच्या तळात जे पाहिले त्याच्याशी हे किती जुळते! मंगोलांकडे तर याहून जवळचे साम्य आहे. चंगेजखान कुठे पुरला हे कोणालाच माहीत नाही, आणि त्याचे स्मृतिस्थान शतकानुशतके आठ पांढरे तंबू हेच होते. वाहून नेता येणारे, राखणदारांच्या पिढ्यांनी सांभाळलेले. ओर्दोस प्रदेशात त्या जागी पक्की इमारत झाली ती १९५४ ते १९५६ या वर्षांत, चीनच्या नव्या राजवटीत. राज्यसंस्थेला पक्की इमारत आवडते. तिला पत्ता असतो, तिच्यावर कुलूप घालता येते.

यावर पुरातत्त्वाचा पहिला आक्षेप रास्त आहे. ज्याची खूण उरत नाही त्याविषयी आपण काय बोलणार? श्रद्धेचे कौतुक इतिहासाच्या जागी बसवता येत नाही. हे खरे, पण खूण उरत नाही हे खरे नाही. आपण तटाशी शोधतो म्हणून ती दिसत नाही. दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायाखाली घालत होते तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की मेंढपाळांच्या हंगामी वाटा, गावकुसाबाहेरच्या देवींची ठाणी आणि अश्मयुगीन गारगोटीची बारीक हत्यारे पुन्हा पुन्हा एकाच रेषेवर सापडतात. देवीला घर नव्हते, पण तिच्याकडे येणारी वाट हजारो वर्षांची होती. कर्नाटक-तेलंगणातले नवाश्मयुगीन राखेचे ढिगारे हे आणखी ठसठशीत उदाहरण. पूर्वी त्यांना ज्वालामुखीचे अवशेषदेखील समजत. रेमंड ऑल्चिन यांनी उतनूरला खणले तेव्हा ते शेणाचे थर निघाले, पुन्हा पुन्हा पेटवलेले, आणि थरांच्या पृष्ठावर गुरांच्या खुरांचे ठसे. पुढे बुदिहाळला के. पद्दय्या यांच्या उत्खननाने ढिगाऱ्यांभोवतीचे जगणे उघड झाले. माणसे आणि गुरे ठरावीक काळाने परत येत होती आणि शेणाची आग लावत होती. काही अभ्यासक ती आग विधीची मानतात, काही गोठ्याच्या सफाईची. मला या वादात निवड करायची गरज वाटत नाही. दर खेपेला त्याच जागी, त्याच रीतीने केलेली सफाई विधीपासून फार लांब नसते.

उलट बाजूही आहे. पक्के असूनही काहीच न उरल्यासारखी गावे आपल्या शेजारीच आहेत. निपाणीपासून जवळच कोल्हापुरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, १९४५-४६ मध्ये हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी खणले, तेव्हा सातवाहनकाळची विटांची घरे निघाली. भूमध्य समुद्राकडून आलेली पोसायडनची कांस्यमूर्तीही त्याच टेकाडाची देणगी. खुद्द बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने सातवाहनकाळचे नगर उघडे केले. या दोन्ही नगरांत कोणत्या देवाला कोण नवस बोलत होते हे आज कोणाच्याही घरातल्या आठवणीत नाही. वीट उरली, परतीचा क्रम तुटला. आणि १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी निपाणीजवळ महामार्गावर शेतकऱ्यांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ जो तळ टाकला, ज्याला लोक आंदोलननगर म्हणत, त्याची उद्या कोणी खणून काढावी अशी एक वीट नाही. ६ एप्रिलला पोलिसांनी तो तळ मोडला, गोळीबारात शेतकरी मेले. तरी निपाणी भागात या नगराची याद सातवाहनांच्या नगरापेक्षा पक्की आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धावानांच्या बाजूने येतो आणि तो जास्त अवघड आहे. जंगमाचा एवढा गौरव करता, तर जंगमांनीच मठ का बांधले? कल्याणच्या उलथापालथीनंतर शरण उळवीकडे निघाले, अशी परंपरा आहे. ती वाट याच भागातून गेलेली. खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला डोहर कक्कय्यांचे स्थान आहे, उळवीला चन्नबसवण्णांचे. दोन्हींना आज देऊळ, जत्रा, दर्शनाची रांग सर्व काही आहे, आणि उळवीला माघात बैलगाड्या जोडून लोक जातात. शंकराचार्यांनी परिव्राजक असावे असा दंडक, पण करवीर-संकेश्वर पीठाचा मठ आहेच. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या देवांवर आयुष्य वेचले. त्यांनी गोळा केलेल्या कथांमध्ये हेच पुन्हा पुन्हा घडते: देव भक्तामागे, मेंढरांमागे चालत येतो, एका जागी थांबतो, वारूळ होतो, मग त्यावर देऊळ चढते. तेव्हा प्रत्येक जंगमाचा शेवट स्थावरातच होतो, असे कोणी म्हणेल. मला यात अधःपात दिसत नाही, कारण ज्या मठात किंवा देवळात दरवर्षी कोणी चालत येते ते अजून वाटेवरच आहे. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीची मायाक्का पक्क्या देवळात बसली आहे. तरी माघात पश्चिम महाराष्ट्रातून बैलगाड्या निघतात, नदीकाठाने तळ पडतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, भंडाऱ्याने रस्ते पिवळे होतात, आणि एरवी साधे असलेले गाव काही दिवस महानगर होते. चिंचली बाराही महिने जिवंत राहते ती या थोड्या दिवसांच्या जोरावर. मठाचा अधःपात होतो तो भिंतीमुळे नव्हे. आत बसलेल्याला येणारा माणूस उत्पन्नाची बाब वाटू लागला, की झालाच.

तिसरा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. पावित्र्य दगडात नसेल तर मग देऊळ पाडले काय, त्याचे खांब दुसरीकडे लावले काय, तक्रार कशाला? बेळगावच्या किल्ल्यातच असदखानाने १५१९ मध्ये बांधलेली सफा मशीद आहे. तिच्या खांबांपैकी एकावर ११९९ चा चौथ्या कार्तवीर्याचा लेख आहे, दुसऱ्यावर १२६१ चा यादव राजा कृष्ण याचा. भाषा कन्नड, लिपी नागरी. खांब कोणत्या तरी आधीच्या वास्तूतून आले हे उघड आहे. काराकोरमचेही तेच झाले: १५८६ मध्ये एर्देने झू मठ उभा राहिला तेव्हा उजाड राजधानीचे दगड त्यात गेले. दगड दोन्हीकडे हलले. पण मी ज्याला परत येणे म्हणतो त्याची कसोटी लावली की दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. ओसाड झालेल्या जागेचा दगड उचलून कोणी नवे प्रार्थनास्थळ उभारले, तर कोणाचाच क्रम तुटत नाही. जिथे लोक येत होते तिथे त्यांचे येणे बळाने थांबवले, तर मात्र अन्याय होतो, मग पाडणारा कोणत्याही धर्माचा असो आणि दगडाला ओरखडाही न पडो. किल्ल्यातल्या या खांबांच्या बाबतीत दोहोंपैकी काय झाले याचा निर्णय खांबावरून लागत नाही. पण आजच्या क्रमाला ही कसोटी लागू पडते. त्या मशिदीत पाचशे वर्षांचा नमाजाचा क्रम आहे. कमल बसदीत आठशे वर्षांपूर्वी स्थापन झालेली पूजा आहे. जुनी परत येणी मोडली गेली याचे दुःख म्हणून आजची परत येणी मोडायची, हा हिशेब माझ्या कसोटीवर तरी टिकत नाही. ज्याला दगडच पवित्र वाटतो त्याला तो टिकल्यासारखा भासतो, एवढेच.

आणखी एक गोष्ट माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते. फिरणाऱ्याचे स्वातंत्र्य अनेकदा दुसऱ्याच्या बंधनावर उभे असते. काराकोरममध्ये खानासाठी चांदीचे झाड घडवणारा गियोम बुशे हा पॅरिसचा सोनार हंगेरीकडच्या मोहिमेत पकडून आणलेला कैदी होता. त्याच्यासारखे कितीतरी विणकर, लोहार, कुंभार तिथे धरून आणलेले होते. खान ऋतूंबरोबर फिरत होता, कारण हे लोक हलू शकत नव्हते. आपल्याकडे सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्षात कोल्हापूरकडून लोटणारी गर्दी पाहून माझ्या सिद्धान्ताला टाळी वाजवणे सोपे आहे. पण यल्लम्माचा जग डोक्यावर घेऊन, चौंडक्याच्या तालावर दारोदार फिरणाऱ्या बाईला ते चालणे स्वतःहून सुचलेले नव्हते. लहानपणी तिला देवीला सोडले होते. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा केला तो या चालण्याला धर्म म्हणायचे नाकारून, आणि ते योग्यच होते. म्हणून माझ्या व्याख्येत एक अट घालावी लागते: परत येणे पावित्र्य निर्माण करते ते न येण्याची मोकळीक असेल तेव्हा. वारकरी एखाद्या वर्षी वारी चुकवू शकतो, तिच्या रुखरुखीसह. जोगतिणीला ती मोकळीक नव्हती. शरणांनी जंगमाला थोर म्हटले तेव्हाही त्यांना जातीने लादलेली भटकंती अभिप्रेत नसणार. तिच्याविरुद्धच तर ते उभे होते.

सीमाभागात हे सारे लिहिताना एक काटा सतत टोचतो. इथे शिलालेखांकडे लोक जमिनीच्या उताऱ्यासारखे पाहतात. पहिले नाव कोणाचे, कोणत्या भाषेत, यावरून आज मालक कोण हे ठरवायचे. हलशीचे ताम्रपट संस्कृतात, रट्टांचे लेख कन्नडमध्ये, त्याच नगरात यादवांचे नाव, त्यावर विजापूरकरांची मशीद, पुढे पेशवाई, मग इंग्रजांची छावणी. या यादीत पहिला कोण हे शोधणाऱ्याला वडगाव-माधवपूरपर्यंत खाली उतरावे लागते, आणि तिथे प्राकृत बोलणारा माणूस भेटतो, ज्याचा वारस म्हणून आज दोन्ही बाजू हक्क सांगू शकतात. भाषेच्या न्यायाचा प्रश्न खरा आहे. मराठी माणसाला आपल्या भाषेत कागद मिळावा, शाळा मिळावी, ही मागणी न्याय्य आहे. पण तिचा आधार आज इथे राहणारी, इथे येणारी-जाणारी माणसे हा आहे. ११९९ चा खांब तिला बळकटी देत नाही आणि ती खोडूही शकत नाही. चिंचलीच्या जत्रेत मायाक्काला गाऱ्हाणे कोणत्या भाषेत घालतात याची कोणी चौकशी केल्याचे ऐकिवात नाही.

राहिला प्रश्न जपायचे काय याचा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आहे. ते हवेच, आणि अंमलबजावणी ढिली पडते तिथे आरडाओरडा केलाच पाहिजे. पण अंकलीच्या अश्वांची वाट, चिंचलीच्या गाड्या जिथे सुटतात ती मोकळी राने, मुनींच्या विहाराचे रस्ते, मेंढरे बसवायची गायराने यांना स्मारक म्हणायची कायद्यात सोय नाही. ऊस वाढला तशी मोकळी राने आटली. महामार्ग रुंदावला, आणि पायी चालणाऱ्याची पट्टी त्यात कुठे बसवायची हे कोणी विचारात घेतले नाही. गायरान अतिक्रमणात गेले तर तलाठ्याच्या दप्तरात एक नोंद बदलते. पुरातत्त्व खात्याला त्याचे कळवायचे कारणच पडत नाही. जत्रा-यात्रांच्या वाटा आणि तळाच्या जागा तालुकावार नकाशावर मांडण्याचे काम एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने हाती घेतले, तर ते एका हंगामाचे काम आहे. काराकोरमच्या तटाबाहेरचे नगर सापडायला किसेल्योफ यांच्या उत्खननानंतरही सत्तरएक वर्षे लागली. इथे अजून गाड्या चालू आहेत, गाडीवानाला विचारले तरी तो जागा दाखवील.